खुर्चीमागच्या मुली

आमच्या जळगावच्या स्टुडिओत नक्षीदार पाठीची एक उंच खुर्ची होती. तिच्यावर कोणी बसायचं नाही. ती जाड मुलींना मागे उभं करण्यासाठी होती. पुढे खुर्ची, तिच्या पाठीवर दोन्ही हात, आणि पदर असा पसरायचा की कंबर कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते ब्रह्मदेवालाही कळू नये. स्थळाकडे पाठवायचा फोटो असाच काढायची रीत होती. बारीक मुलगी खुर्चीच्या शेजारी, जाड मुलगी खुर्चीच्या मागे. ठेंगणी असेल तर पायाखाली पाट, आणि पाटावरून साडी सोडलेली. उंच असेल तर स्टुलावर बसवायची. म्हणजे मुलगी जशी असेल तशी सोडून बाकी कशीही दाखवायची, यालाच फोटोग्राफी म्हणत.

मी फोटोग्राफर. फोटोग्राफरची बायको नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण जन्मभर गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न एकच, "फोटोवाले भाऊ कुठं गेले?" मी म्हणायची, "भाऊ डार्करूममध्ये आहेत. फोटो मी काढते. चालत नसेल तर पुढे चौकात दुसरा स्टुडिओ आहे." पुरुष जरा चुळबुळ करायचे. बायका मात्र खूश. बाईच्या हातात कॅमेरा असला की त्या ब्लाऊजची पिन मोकळेपणानं नीट करत, घाम पुसत, दोन शिव्या नवऱ्याला देत आणि मग उभ्या राहत.

कॅमेरा मला माहेराहून मिळाला. धुळ्याला नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. तिथे लहानपणी पाहिलेली एक म्हातारी माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. साक्रीकडून आली होती. धिप्पाड बाई, दारातून जरा तिरकी होऊन आत आली. पायात चांदीची जाडजूड कडी. नाना सवयीनं अर्धा फोटो काढायला लागले, तर म्हातारी कडाडली, "आर्धी नको. मी बठ्ठी दिसाले जोयजे!" बठ्ठी म्हणजे सगळी, अख्खी; जोयजे म्हणजे पाहिजे. नानांना कॅमेरा मागे न्यावा लागला, मी दार उघडून धरलं आणि नानांनी रस्त्यावर उभं राहून तो फोटो काढला. म्हातारी कड्यांसकट, पोटासकट, तोऱ्यासकट आली. नाना दिवसभर हसत होते. मी मात्र तिच्यावर फिदा झाले.

पण मी शिकले ते हे नव्हे. मी शिकले रिटचिंग. नव्या मंडळींना ते कळायचं नाही, तेव्हा थोडक्यात सांगते. निगेटिव्हवर जे काळं, ते कागदावर पांढरं येतं. म्हणून निगेटिव्हमधल्या चेहऱ्यावर टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक रेघा भरल्या की सावळी मुलगी छापताना गोरी व्हायची. पांढरा पडदा मागे असेल, तर कमरेच्या दोन्ही बाजूंवर ब्रशानं लाल रंग भरायचा, त्यातून उजेड जात नाही, की तेवढी कंबर पडद्यात विरघळून जायची. महिनाभर उपाशी राहून जे होत नाही ते ब्रशाच्या दोन फटकाऱ्यांत. जळगाव, धुळे, भुसावळ, सगळीकडे हेच चालायचं आणि जो हे चांगलं करी त्याच्याकडे रांग लागायची. आमच्याकडेही लागायची. धंदाच तो होता.

त्या रांगेत एक दिवस कुमुद आली.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. घरोघरी टीव्ही आले होते आणि टीव्हीतल्या पोरी पाहून गावोगावच्या आया आपल्या पोरींच्या ताटातली भाकरी कमी करायला लागल्या होत्या. कुमुद जामनेरकडच्या एका खेड्यातली, घरची केळी आणि कपाशी. वडील सोबत होते, त्यांना सगळं गाव आबा म्हणे, मीही तेच म्हणू लागले. पोरगी रुंद खांद्यांची, भरलेल्या दंडांची, सावळी, आणि चालणं असं की लाकडी फळीची जमीन असती तर वाजली असती. आबांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "ताई, पोरगी कामाची हाये, स्वभावाची हाये. फोटो तेवढा जरा आटोपशीर काढा."

आटोपशीर! मला हसू आवरेना. पण कुमुदनं ऐकलं होतं. ती म्हणाली, "ताई, आटोपशीर फोटो एकदा काढून झालाय. त्याचं काय झालं ते ऐका आधी."

दुसऱ्या गावच्या कुठल्याशा स्टुडिओनं तिचा फोटो काढला होता. रिटचिंग करणारा भलताच उत्साही असावा. त्यानं तिला गोरी केली, निम्मी केली, गालावरचा तीळही पुसला. फोटो स्थळाकडे गेला, पसंत पडला. पाहुणे घरी आले. कुमुद पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, खाली मान घालून बसली. मुलाच्या आत्यानं पोहे खाल्ले, चहा घेतला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "ही थोरली का? छान हाये. आता धाकटीले बोलवा, जिचा फोटो पाठवला व्हता."

कुमुदला बहीण नव्हती.

"मी म्हटलं, मीच ती," कुमुद सांगत होती. "मग पाहुणे उठलेच. आबा दाराकडं पाहत होते. आई आत गेली ती बाहेर आलीच नाही. ताई, मला नकार मिळाला असता तर मी गिळला असता. पण मला माझीच धाकटी बहीण करून टाकलं हो!" सांगताना आधी ती हसत होती. मग हसू कुठेतरी गेलं, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मला माझ्यासारखा फोटो पाहिजे. खुर्ची नको. रिटचिंग नको. जो नाही म्हणेल त्यानं मला पाहून नाही म्हणावं."

मी खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली.

आता त्या पोरीचे कपडे सांगितलेच पाहिजेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. जांभळ्या रंगाची साडी, रुंद काठाची, आणि तिच्यावर मोहरीच्या रंगाचा ब्लाऊज, त्याला जांभळीच गोट, बाहीला फुगा, पाठीला बारीक गुंड्यांची ओळ. असला ब्लाऊज मी जळगावच्या कुठल्या डॉक्टरणीच्या अंगावरही पाहिला नव्हता. "कोणत्या टेलरनं शिवला गं?" मी विचारलं. "मीच. तयार ब्लाऊज माझ्या दंडात शिरत नाही. टेलर माप घेताना तोंडातल्या तोंडात हसतो. मग मी मशीन घेतली. जिच्या मापाचं मिळतं तिला जे मिळेल ते घालावं लागतं, ताई. मला मिळतच नाही, म्हणून मी मनासारखं शिवते." तिच्या साडीच्या निऱ्याही वेगळ्या होत्या, रुंद आणि मोजक्या, पदर खांद्यावर घट्ट चापून. जाड बाईनं सैल, पसरट नेसायचं हा आमचा सगळ्यांचा समज तिनं कधीच मोडून काढला होता.

मी एकच दिवा बाजूनं लावला. सावळ्या कातडीवर समोरून भसाभसा उजेड मारला की ती राखाडी, मळकट दिसते. बाजूनं मारला की तिला तकाकी येते. हे मला ठाऊक होतं, पण वापरायची वेळ कधी आली नव्हती, कारण सावळी मुलगी सावळी दाखवायला कोणी सांगतच नसे. कुमुदनं एक हात कमरेवर ठेवला, हनुवटी वर केली आणि सरळ माझ्या भिंगात पाहिलं. बाई गं! अंगावर काटा आला माझ्या.

फोटो तयार झाल्यावर आबांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "ताई, ही त आपली कुमुदच हाये."

"मग कोण पाहिजे होती?"

"तसं नाही," आबा चाचरत म्हणाले, "पन मंग लोकायले दाखवायचं काय?"

आबांनी तो फोटो कुठल्याही स्थळाकडे पाठवला नाही. मीच मग कुमुदला विचारून एक मोठी प्रत काढली आणि स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावली. आमचे हे म्हणाले, "अगं, नवऱ्या मुलींचे गोरेगोमटे फोटो काचेतून उतरवलेस, गिऱ्हाईक पळेल." पळालं नाही. उलट बायका काचेसमोर थांबायला लागल्या. आत येऊन विचारायच्या, "ती साडी कुठली हो?" कोणी म्हणे, "तसा ब्लाऊज कोण शिवतं?" एक शाळेतली बाई बराच वेळ उभी राहिली आणि जाताना एवढंच म्हणाली, "माझ्याएवढीच आहे की!"

आमच्या समोरच कांतिशेठचं साडीचं मोठं दुकान होतं. शेठ भला गुजराती माणूस, मला बेन, म्हणजे ताई, म्हणे. दर दिवाळीला दुकानावर साडीवाल्या बाईचा भलाथोरला रंगवलेला बोर्ड चढायचा. त्यासाठी मुंबईहून मॉडेल यायची, मी फोटो काढायची आणि पेंटर त्यावरून बोर्ड रंगवायचा. त्या मॉडेल पोरी बिचाऱ्या काडीसारख्या. समोरून पाहिलं की साडी चापूनचोपून, पाठीमागून पाहिलं तर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे चिमटेच चिमटे. आमच्या खानदेशी रुंद काठाची साडी तिच्या अंगाला लावायची तर काठातच पोरगी संपायची.

त्या वर्षी शेठ रस्ता ओलांडून आमच्याकडे आले. "बेन, बायका दुकानात येऊन बोलते, काचेतल्या बाईची साडी दाखवा. कोण ही काचेतली बाई?" मी बोट दाखवलं. शेठनं फोटो पाहिला. "साडी तर मस्त. एक काम करा बेन, हीच साडी मुंबईच्या पोरीला नेसवा आणि बोर्डाचा फोटो काढून टाका."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "शेठ, मुंबईची पोरगी तुमच्या दुकानात साडी घ्यायला येते का कधी?"

"बेन, पण इतकी जाडी बाई बोर्डावर... लोक हसेल ना."

"हसतील ते रस्त्यावरचे पुरुष. ते घेतात का साडी? तुमच्या गादीवर बसून साड्या उलगडायला लावणाऱ्या बायका आठवा जरा. त्यांतली चिमट्यांवर तगणारी एक तरी दाखवा मला. त्या वर बोर्डाकडे पाहतात आणि मनात म्हणतात, हिला शोभतं, आपल्याला कुठलं! तुम्ही साडी विकता की साडीची भीती घालता?"

शेठ जरा दुखावले, पण धंद्याचा माणूस, आत जाऊन विचार करून आले. "करा," म्हणाले. "पण पडलो तर बेन, तुमच्या अंगावर पडेल हां मी."

मी कुमुदला निरोप धाडला. आबाही आले. शेठनं स्वतः विनंती केली म्हटल्यावर आबांना नाही म्हणवेना. बोर्ड म्हणजे दुकानाच्या दारावरची पाटी असेल एवढीच त्यांची समजूत. आम्ही ती दूर केली नाही. कुमुदनं मात्र नीट विचारून घेतलं. साड्या तिनं निवडल्या, ब्लाऊज तिनं शिवला, नेसली तिच्या पद्धतीनं. "पण मला बारीक करायचं नाही," तिनं शेठला तोंडावर सांगितलं. "बारीकच पाहिजे असेल तर बारीक मुली आहेत की, त्यांनाही काम पाहिजे." शेठनं मान डोलावली.

फोटो झकास झाला. आणि मग आला दगडू पेंटर.

दगडू म्हणजे गावातला नंबर एकचा बोर्डवाला. फोटोवर चौकटी आखायच्या, पत्र्यावर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट उतरवायची, ही त्याची रीत. हात इतका बसलेला की तो बिडी ओढत, गप्पा मारत रंगवायचा. बोर्ड निम्म्याहून जास्त झाला तेव्हा मी आणि कुमुद बघायला गेलो. चेहरा तिचा होता. साडी तिची होती. आणि कंबर? कंबर सिनेमाच्या बोर्डावरच्या नट्यांची! रंगही गुलाबी.

कुमुद पाहतच राहिली. अगदी हळू म्हणाली, "आली बघा ताई, धाकटी बहीण."

मी दगडूवर तुटून पडले. "अरे, चौकटी कशाला आखल्यास? डोळे मिटून रंगवायचं होतं तर!" दगडूनं फोटो घेतला, बोर्डाशी ताडून पाहिला, आणि खरोखरच चकित झाला. "आयला! ताई, देवाशप्पथ सांगतो, मुद्दाम नाही केलं. माझा हात कमरेपाशी आला की आपोआप आत वळतो हो. इतकी वर्षं वळतोय." त्यात खोटं काही नव्हतं. गुलाबी डबाही त्यानं सवयीनंच उघडला होता. चेहऱ्याला दुसरा रंग असतो हे त्याच्या डब्यांनाच माहीत नव्हतं.

मला वाटलं, आता ही पोरगी घरी निघून जाणार. ती गेली नाही. तिनं पदर खोचला, शिडीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "दगडूभाऊ, फोटो ठेवा बाजूला. मी इथं उभी आहे. माझ्याकडं बघून काढा." आणि दगडूनं बिडी विझवली! त्यानं आयुष्यात कधी जिवंत माणूस समोर ठेवून बोर्ड रंगवला नव्हता. तो खाली बघायचा, वर एक फटकारा मारायचा, परत खाली बघायचा. रंगाला चार डबे कालवले, तेव्हा कुठे तिच्या हाताशी जुळणारा रंग सापडला. शेवटी खाली उतरून म्हणाला, "ताई, आज पहिल्यांदा बाई काढली मी."

दिवाळीच्या आधी बोर्ड चढला. माणसाच्या तिप्पट उंच कुमुद, कमरेवर हात ठेवून, सगळ्या बाजारावर नजर ठेवून. पहिल्या दिवशी पानटपरीवरची टाळकी हसली, एकानं गव्हाच्या कोठीवरून काहीतरी विनोद केला. मी दारातच उभी होते. त्याला विचारलं, "तुझी आई केवढी आहे रे?" त्यानं पान तोंडात कोंबलं आणि सटकला. आणि दुकानात बायकांची ही गर्दी! पिंप्राळ्याच्या बायका, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या बायका, खेड्यांवरून एस.टी.नं आलेल्या बायका. "वरच्या बाईसारखी द्या" म्हणून मागायच्या. कुमुदकडे ब्लाऊज शिवायला कापड येऊ लागलं. शेठ मला बेनऐवजी 'बडी बेन' म्हणायला लागले.

पण आबांनी बोर्ड पाहिला आणि त्यांचं अवसान गळालं. त्याच सुमाराला कुमुदला भुसावळकडचं एक स्थळ आलेलं, जवळजवळ ठरल्यासारखं. त्या लोकांनी निरोप पाठवला, आमची होणारी सून अशी भर बाजारात टांगलेली आम्हाला चालणार नाही, बोर्ड उतरवा, मग पुढचं बोलू. आबा धावत शेठकडे आले. पोरीच्या लग्नाच्या काळजीनं माणूस किती वाकतो, ते फोटोवाल्यांइतकं कोणाला ठाऊक! शेठ बिचारे म्हणाले, "आबा, तुमची मुलगी, तुम्ही सांगाल तसं."

कुमुद मागोमाग आली. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "आबा, आजवर मला खुर्चीमागं उभं केलं, मी राहिले. मान खाली घालायला लावली, घातली. आता मी वर आहे. मला खाली उतरवू नका."

आबा गादीच्या कडेला टेकले. आणि साडी बघायला आलेली त्यांच्याच वयाची एक शेतकरी बाई, ओळख ना पाळख, एकदम म्हणाली, "दादा, तुमची का ती वरची पोर? मायबापानं बरी खाऊपिऊ घालून वाढवली! मी दोन घटका खाली उभी राहून पाहत व्हती."

आबांचे डोळे भरून आले. बोर्ड राहिला. स्थळ गेलं. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन रडले, आनंदानं आणि थोडी धास्तीनंही, कारण आपल्या पायी पोरीचं लग्न अडलं तर काय, हा किडा डोक्यात होताच.

थंडीत पुन्हा एक स्थळ आलं. त्यांनी रीतीप्रमाणे फोटो मागितला. कुमुद आबांना म्हणाली, "फोटो पाठवू नका. पोहेही करायचे नाहीत. त्यांना बाजारात न्या. मला पाहायचं तर या वेळी त्यांनी मान वर करावी."

मी स्टुडिओच्या पायरीवरून सगळं पाहिलं. आबा पुढे, पागोटं नीट बांधलेलं. मागे मुलगा, त्याची आई आणि मामा. रस्त्याच्या मधोमध आबा थांबले. मुलाच्या आईनं इकडेतिकडे पाहिलं. "पोरगी कुठं हाये?"

आबांनी काठी वर केली. "ही पाहा. कुठून काही कमी केलेलं नाही, कुठं काही लपवलेलं नाही. हिनं लपायचं सोडलं, मीही सोडलं. आता पटत असंल त चहा पिऊ, नसंल पटत त तुमची एस.टी. अजून गेली नाही."

तिघांनी माना वर केल्या. सायकली वाट काढून जात होत्या, हमाल ओरडत होते, आणि ही तीन माणसं तोंड उघडं टाकून वर पाहत होती. मामा काहीतरी पुटपुटला. मुलगा मात्र पाहतच राहिला, मग लाजत म्हणाला, "मला पसंत आहे."

आबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाले, "तुला पसंत हाये, बरं झालं. पन तिले इचारावं लागंल."

कुमुदनं चांगला वेळ घेतला. मुलाची माणसं पुन्हा पुन्हा विचारायला यायची, आणि इतकी वर्षं नकार ऐकून ऐकून वाकलेले आबा ओट्यावर ताठ बसून, सुपारी कातरत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "थांबा जरा. पोरगी अजून विचार करू राह्यली."